तीनदा भरलो तो दिवस

मी एक काचेचा मापाचा जग. स्वतःहून तुमच्यासमोर येऊन बोलावं, असं मोठं काही मी आयुष्यात केलेलं नाही. जे केलं त्याची लाज वाटते, म्हणून बोलतोय.

आमची ताई परदेशात शेतीचं शिकून परत आली तेव्हा तिच्या डोक्यात आत्याच्या रोपवाटिकेचं एक चित्र पक्कं होतं. वाकडेतिकडे ठेवलेले ट्रे, चिखलात पडलेली खुरपी, अंदाजपंचे ओतलेलं खत, आणि ह्या सगळ्या पसाऱ्याला शिस्त लावायला धावून आलेली ती स्वतः. प्रवासात तिने वहीत काय काय सुधारायचं ह्याची बारा मुद्द्यांची यादी केली होती. मी तिच्या पिशवीत लोकरी स्वेटरमध्ये गुंडाळलेला होतो आणि माझ्या मनातही तेच चित्र होतं. आपण गेल्याशिवाय तिथलं काही धड होणार नाही, असं आम्हा दोघांना मनापासून वाटत होतं.

प्रत्यक्षात दिसलं ते भलतंच. हिरव्या जाळीखाली ट्रे दोरी लावल्यासारखे सरळ मांडलेले. प्रत्येक ट्रेमध्ये एक काडी, काडीवर पेरणीची तारीख, अक्षर मोत्यासारखं. खुरपी धुऊन, पुसून, खुंटीला. झाऱ्या पालथ्या घातलेल्या. टोमॅटोची आणि ढोबळ्या मिरचीची रोपं अशी टवटवीत, की ताई गुडघ्यावर बसून नुसती बघत राहिली. पहिल्याच दुपारी यादीतल्या अकरा मुद्द्यांवर तिला काट मारावी लागली.

बारावा मुद्दा तेवढा उरला. मापं.

पाण्याच्या मोठ्या पिंपाशेजारी खिळ्याला एक पत्र्याचा मग टांगलेला होता. पोटाला पोचा आलेला, कानाला तार गुंडाळलेली. मुकादम, म्हणजे गेली सव्वीस वर्षं ही रोपं वाढवणारा माणूस, त्या मगाने पातळ खत मोजायचा. पोच्याच्या खाली एक बोट येईल एवढं खत घ्यायचं आणि पिंपभर पाण्यात ओतायचं. मगावर एकही रेघ नव्हती. ताईने त्याच्याकडे बघितलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. सुधारायला काहीतरी होतं.

आता थोडं माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

मी एका दूरच्या कारखान्यात जन्मलो. तापलेल्या काचेचा गोळा साच्यात पडला, त्याला कान फुटला, चोच फुटली आणि मी झालो. थंड झाल्यावर माझ्या अंगावर लाल शाईने रेघा उमटवल्या. एका बाजूला मिलिलिटर, शंभर, दोनशे, असं करत हजारपर्यंत. दुसऱ्या बाजूला औंस आणि कप, आठ औंसांचा एक कप, असे चार कप, म्हणजे बत्तीस औंस. ह्या दोन बाजू एकमेकींशी फटकून वागतात. बत्तिसाची रेघ हजाराच्या रेघेशी जुळेल असं वाटतं, पण ती जराशी खालीच राहते, साधारण साडेनऊशेच्या आसपास. तपासणारी बाई प्रत्येक जग उजेडात धरून दोन्ही बाजू फिरवून बघायची. मला दोन्हीकडून नीट बघणारी ती पहिली.

दुसरी ताई. ती त्या परक्या शहरात नवी होती तेव्हा माझ्याशिवाय तिचं पान हलायचं नाही. तिथल्या पुस्तकात, पाकिटांवर, खोलीतल्या मैत्रिणीच्या तोंडात सगळीकडे कप आणि औंस, आणि हिच्या डोक्यात लिटर. दूध मोजायचं तर ती मला तिकडून भरायची, मग इकडून फिरवून वाचायची, आणि ओठ हलवत मनात पुटपुटायची. एक औंस म्हणजे साधारण तीस मिली. एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटरांच्या जरा वर. हा शेवटचा आकडा तिने स्वयंपाकघरातल्या फडताळावर कागद चिकटवून पाठ केला होता.

मग ती सराईत झाली. फडताळावरचा कागद गळून पडला, कुणी तो परत लावला नाही. तिने मला फिरवून बघणं बंद केलं. शेवटचं वर्षभर तर मी मोरीत मैत्रिणीच्या दात घासायच्या ब्रशांचं घर होऊन राहिलो. त्याचं मला वाईट वाटायचं. आता वाटतं, तिथेच राहिलो असतो तर बरं झालं असतं.

रोपवाटिकेत मला मानाची जागा मिळाली. पिंपाजवळच्या फळीवर, मगाच्या शेजारी. ताईने मला सगळ्यांना दाखवलं. ट्रे भरणाऱ्या बायकांमध्ये एक होती, तिला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण ती सकाळी सुरू व्हायची ती घरी जाईपर्यंत बंद व्हायची नाही. तिने मला हातात घेतलं, फिरवलं, आणि म्हणाली, "अगंबाई, हा तर दोन्हीकडून बोलतो. सासूबाईंसमोर एक आणि माझ्यासमोर एक. माझा नवरा अस्साच आहे."

सगळ्या खदाखदा हसल्या. ताईही हसली. मला राग आला. मला वाटलं, हिला काय कळतंय. मी शेजारच्या मगाकडे बघितलं. पोचा आलेला, रेघ नसलेला, तारेवर लटकणारा. माझ्या मनात आलं, गड्या, तुझे दिवस भरले.

त्याच आठवड्यात ताईने भिंतीवर काळा फळा लावला. कुठल्या रोपाला कुठलं खत किती, हे त्यावर लिहायचं, म्हणजे मुकादम नसले तरी कुणालाही काम करता येईल. कल्पना चांगलीच होती. आत्या तर फळ्याकडे कौतुकाने बघतच राहिली. विक्रीचं सगळं आत्याकडे, वाढवण्याचं सगळं मुकादमांकडे, अशी त्या दोघांची वर्षानुवर्षांची वाटणी होती, आणि खताच्या मापात आत्याने कधी डोकं घातलं नव्हतं.

ताईने तिकडच्या सरांच्या तासाला उतरवून घेतलेली वही फळा लावायच्या आदल्या दिवशीच काढली होती. लहान रोपांना, ह्याच खताचा अर्क, अर्धा औंस, आणि पुढे पाण्याच्या रकान्यात नुसता एकाचा आकडा. तेव्हाच तिने ती ओळ एका चिठोऱ्यावर उतरवून घेतली. औंस इथे कुणाला कळणार नाही म्हणून तिने काळजीने त्याचे मिली केले. अर्धा औंस म्हणजे पंधरा मिली. हे बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी ती खडू घेऊन फळ्यापुढे उभी राहिली, चिठोऱ्यात बघून लिहीत गेली, आणि त्या एकट्या एकापुढे तिचा हात आपसूक लिटर लिहून गेला.

पंधरा मिली, एका लिटरला.

मी फळीवरून बघत होतो. तो एक कशाचा, हे वहीत पानाच्या डोक्यावर लिहिलेलं होतं. वही उघडून बघायला एक क्षण पुरला असता. पण ज्या बाजूला तिचं लक्ष होतं ती बाजू तिने बदलली, आणि दुसरी तशीच राहून गेली. माझ्या अंगावर तर दोन्ही बाजूंच्या रेघा आहेत. माझ्याइतकं हे कुणाला कळायला हवं होतं? मला कळलं नाही. मी फळ्यावरच्या सुबक अक्षरावर खूश होतो.

पिंप दोनशे लिटरांचं. दोनशे गुणिले पंधरा, तीन हजार मिली. म्हणजे मी तीनदा काठोकाठ.

मुकादमांनी फळा वाचला, बोटांवर हिशेब केला आणि ताईकडे आले. "ताई, तीन जग होतात. एकदा बघून घ्या. आपण मगभरसुद्धा घालत नाही."

ताई आदराने बोलली, ह्यात शंका नाही. तिने त्यांना काका म्हटलं, बसायला स्टूल दिलं, आणि समजावून सांगितलं की इतकी वर्षं रोपं अर्धपोटी वाढत होती. तिकडे अमुक इतकं देतात, ते मोजून, तपासून ठरवलेलं आहे, त्यामागे शास्त्र आहे. मुकादम ऐकत होते. मग ट्रेकडे बघून एवढंच म्हणाले की रोपं तशी उपाशी दिसत तर नाहीत. ताई हसली. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, पण ते ऐकून मुकादमांनी पुढे काही विचारलं नाही.

त्यांनी मला उचललं. त्यांचे हात खरखरीत, पण फार जपून धरणारे. पहिल्यांदा मला भरलं तेव्हा ताई बाजूला उभी होती. मग आत्याने हाक मारली म्हणून ती गेली. मुकादमांनी मला दुसऱ्यांदा भरलं, डोळ्यांच्या पातळीला धरून रेघ बघितली, थेंबभर जास्त झालं ते परत डब्यात ओतलं. तिसऱ्यांदा भरलं. तिसऱ्यांदा ओतताना ते थांबले. जग हातात तसाच धरून त्यांनी मिरचीच्या ट्रेंकडे बघितलं. मग ओतलं.

तीनदा. एक थेंब कमी नाही, एक थेंब जास्त नाही. माझ्या सगळ्या रेघा खऱ्या होत्या.

दुपारच्या आत एकशे ऐंशी ट्रेंना ते पाणी देऊन झालं.

दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा पिवळट दिसल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी जाळीखाली पाय ठेवताच रेडिओची बडबड थांबली, तेव्हाच मला कळलं की काहीतरी भयंकर झालंय. कडा करपून आत वळल्या होत्या, शेंडे माना टाकून लोंबत होते. मुकादमांनी एक रोप अलगद उपटलं. मुळं पांढरीशुभ्र असायला हवीत, ती चहासारखी तपकिरी झाली होती. एकशे ऐंशी ट्रे. आठवड्याभरात लोक ती रोपं न्यायला येणार होते, आणि परत पेरायची तर हंगाम निघून जाणार होता.

आत्या धावत पिंपापाशी आली. मुकादमांनी सगळे ट्रे बघून झाल्यावर शांतपणे सांगितलं की खत जास्त झालंय. तीन जगच जास्त होते.

आता मी ते सांगतो, जे सांगायला मला सगळ्यात जड जातं.

ताई फळ्यापुढे गेली, सगळा हिशेब परत केला. अर्धा औंस म्हणजे पंधरा मिली. बरोबर. दोनशे लिटर, तीन हजार मिली. बरोबर. पुन्हा केला, पुन्हा बरोबर. फळ्यावर जे होतं त्याचा हिशेब चुकत नव्हता, आणि फळ्यावर नसलेली गोष्ट तिला दिसत नव्हती. मग चूक कुठेतरी दुसरीकडे असणार. ती मुकादमांकडे वळली आणि अगदी हळू आवाजात विचारलं की तीन जग घातल्यावर त्यांनी सवयीने आपला मगही घातला होता का.

"नाही," मुकादम म्हणाले. "तुम्ही सांगितले तेवढेच घातले."

"मोजताना एखादा जग जास्त झाला असेल काका. होतं असं. मी नव्हते तिथे."

"तीनच झाले, ताई."

तेव्हा तिने मला उचललं. सगळ्यांसमोर, आत्यासमोर, त्या सगळ्या बायकांसमोर मला उंच धरलं आणि म्हणाली, "हे माप खोटं सांगत नाही, काका."

मला साक्षीला उभं केलं गेलं. एका खऱ्या माणसाविरुद्ध. उन्हात माझ्या रेघा लालभडक चमकत होत्या, आणि मी गप्प होतो. मला तोंड नाही, हे मला माहीत आहे. चोच आहे, पण तिच्यातून दुसऱ्याने भरलेलं तेवढंच बाहेर पडतं. तरीही त्या क्षणी मी हातातून निसटून फुटलो का नाही, हे मी अजून स्वतःला विचारतो.

मुकादमांनी आवाज चढवला नाही. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "मीपण एकदा वाफा जाळलाय, ताई. इथेच, नवा होतो तेव्हा. त्या संध्याकाळी मालकिणींना जाऊन सांगितलं, की माझ्या हातून झालं. तेव्हापासून मगाला ते बोट ठरलेलं आहे." मग आत्याकडे वळून ते म्हणाले, "आज घातलं असतं तर आजही सांगितलं असतं."

आत्याने मान खाली घातली. ती काही बोलली नाही, आणि तिचं न बोलणं मुकादमांना पुरलं. त्यांनी आपला पत्र्याचा मग धुऊन खिळ्याला अडकवला. पंपाच्या खोलीची किल्ली फळीवर, माझ्या शेजारी ठेवली. उद्या सकाळी येऊन बियाण्यांचं कपाट ताईला समजावून देतो आणि जातो, असं सांगितलं. कुठलं बी किती दिवसांचं, कुठल्याला भिजवावं लागतं, हे लिहिलेलं नाही म्हणाले, डोक्यात आहे. जाताना त्यांनी पाण्याचा टपकणारा नळ घट्ट बंद केला.

संध्याकाळी बायका गेल्या. ऊन तिरपं झालं. ताई एका उलट्या क्रेटवर बसली होती. तिला नक्की किती खत जास्त पडलं ते काढायचं होतं. आत्याला नीट सांगता यावं म्हणून, आणि मला वाटतं, स्वतःची खात्री व्हावी म्हणून. तिने खिळ्यावरून मग काढला, मुकादम भरायचे तसा पोच्याच्या खाली एक बोट पाण्याने भरला, आणि ते पाणी माझ्यात ओतलं.

पाणी आठशेच्या रेघेवर येऊन थांबलं.

तिने चिठोऱ्यावर बेरीज केली. तीन हजार आणि आठशे, तीन हजार आठशे. भागिले दोनशे. लिटरला एकोणीस मिली. ती आकड्याकडे बघत राहिली. पंधराऐवजी एकोणीस. एवढ्याशा फरकाने रोपं अशी जळत नाहीत, हे तिला तिच्याच शिक्षणाने शिकवलं होतं. मुकादमांनी सवयीने आपल्या मगाचं खतही घातलं असतं तरी हे झालं नसतं.

मग तिने नुसता मगाचा हिशेब केला. आठशे भागिले दोनशे. लिटरला चार मिली. सव्वीस वर्षं, लिटरला चार मिली, आणि रोपं टवटवीत.

पंधरा आणि चार. तिने भागून बघितलं. पावणेचार.

पावणेचार. फडताळावरचा तो कागद. ओठ हलवत पाठ केलेला आकडा. तिने पिशवीतून वही काढली, पान उघडलं, आणि ह्या वेळी ओळीवर न थांबता डोळे वर नेले. पानाच्या डोक्यावर, पाण्याच्या रकान्यावर, तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: गॅलन.

अर्धा औंस, एका गॅलनला. तिने औंस बदलला होता. गॅलन बदलला नव्हता.

आणि मुकादमांचा तो बिनरेघांचा मग तिकडच्या सरांच्या मापाशी जवळपास तंतोतंत जुळत होता. त्यांनी एक वाफा जाळून, मग थेंब थेंब कमी करत, पानांकडे बघत जे शोधलं, तेच त्या वहीत लिहिलेलं होतं. ती एवढ्या लांब जाऊन जे शिकली ते इथे खिळ्याला टांगलेलं होतं.

ती रडली नाही. रडली असती तर मला हलकं वाटलं असतं.

तेवढ्यात आत्या चहा घेऊन आली. शेजारी बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "चिमणे, तू जिवाला लावून घेऊ नकोस. त्यांचं वय झालंय. हात थरथरतो, लक्ष राहत नाही. आज ना उद्या थांबलेच असते."

ताईने तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगेल. वही मांडीवर उघडीच होती. आत्याला वाकून बघायचीसुद्धा गरज नव्हती.

ताईने वही मिटली आणि चहाचा कप हातात घेतला. चहा चांगला झालाय म्हणाली.

मी तिला दोष देत नाही. त्या संध्याकाळी मी फळीवर पडल्या पडल्या स्वतःच्या मनात तेच करत होतो. म्हणत होतो, माझ्या रेघा तर खऱ्या होत्या, मी काय चुकीचं केलं. माझ्या पोटात आठशेच्या रेघेवर ते पाणी तसंच उभं होतं. ओतून द्यायचं कुणाला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताई सगळ्यांच्या आधी आली. हातात ओला फडका होता. ती सरळ फळ्यापुढे गेली. मला तिचं मन वाचता येत नाही, पण तो फडका कशासाठी होता ते मला कळलं. एक शब्द पुसायचा होता, एक आकडा बदलायचा होता. लिटरला चार मिली. उन्हाळा आहे म्हणून कमी केलं असं म्हणता आलं असतं. कुणी विचारलंच नसतं. सगळ्या जगात ही गोष्ट फक्त तिला आणि मला माहीत होती, आणि मी बोलणाऱ्यांतला नाही.

फडका त्या ओळीपर्यंत गेला. तिथे थांबला. त्यातून पाण्याचा एक ओघळ फळ्यावरून खाली आला आणि दुसऱ्याच ओळीतलं एक अक्षर पुसून गेला.

तेव्हा बाहेर नळावर पाय धुतल्याचा आवाज आला. मुकादम आले होते. ठरल्याप्रमाणे, ठरल्या वेळेला, हातात रिकामी पिशवी. त्यांनी आत येऊन बियाण्यांचं कपाट उघडलं आणि डबे ओळीने मांडायला घेतले. ज्या मुलीने त्यांना खोटं ठरवलं, तिला समजावून सांगण्यासाठी.

ताईने फडका खाली ठेवला.

रोज सकाळी काम वाटून घ्यायला सगळे पिंपाजवळ जमतात, तसे त्या दिवशीही जमले. आत्या होती, रेडिओ होती, बाकीच्या बायका होत्या. ताई पुढे आली. एका हातात मी, माझ्यात कालचं पाणी तसंच. दुसऱ्या हातात मग. ती म्हणाली,

"खत जास्त पडलं ते मुकादमकाकांच्या हातून नाही. मी सांगितलं तेवढंच त्यांनी घातलं. माप माझं चुकलं होतं. काल संध्याकाळी मला कळलं, आणि काल संध्याकाळी मी बोलले नाही."

शेवटचं वाक्य तिला म्हणायची गरज नव्हती. त्याच्याशिवायही सगळं निभावलं असतं. पण मला वाटतं, तेच वाक्य तिला सगळ्यात जास्त लाजवत होतं.

ताईने माझ्यातलं पाणी परत मगात ओतलं, आणि ते पोच्याच्या खाली एका बोटावर बरोबर येऊन थांबलं, ते सगळ्यांना दाखवलं. औंस काय, गॅलन काय, अर्धंच कसं बदललं, हे सोप्या शब्दांत सांगितलं. आत्याचे डोळे भरून आले. ती मुकादमांकडे बघू शकत नव्हती.

मुकादमांनी विचारलं, "किती पट झालं?"

"जवळजवळ चौपट."

त्यांनी मान हलवली. "रोपं तेच सांगत होती," म्हणाले. जाऊ दे म्हणाले नाहीत. माफ केलं असंही म्हणाले नाहीत. त्यांनी फळीवरची किल्ली उचलून खिशात टाकली आणि बायकांना सांगितलं की ट्रे रिकामे करून धुवायला घ्या, आज लवकर येणारी मिरची पेरायची आहे, निदान तेवढी तरी हंगामात बसेल.

ताई पहिला ट्रे उचलायला गेली. आत्या फळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ते तेवढं पुसून टाक गं. लोक येतात-जातात."

"राहू दे," ताई म्हणाली.

ती चुकीची ओळ अजून फळ्यावर आहे. तिच्याखाली तिने बरोबर माप लिहिलं, आणि वरच्या ओळीपुढे, सगळ्यांना वाचता येईल अशा अक्षरात, ही चूक कुणाची ते लिहिलं.

मी आता मगाच्या खालीच असतो, फळीवर, धुऊन पालथा घातलेला. पाणी निथळावं म्हणून मला असं ठेवतात. मला ते बरं वाटतं, तोंड खाली केलेलं. माझी मधेच कधी गरज पडते. तेव्हा मुकादम मला उचलतात, उजेडात धरतात, आणि ओतण्याआधी एकदा फिरवून दुसरी बाजू बघतात. ताईही बघते, ओठ हलवत, नवखी होती तेव्हासारखी.

तुमच्या घरातही माझ्यासारखा कुणी असेल. त्याच्या रेघा खऱ्या असतील. पण तेवढ्यावरून त्याला कुणाविरुद्ध हातात धरू नका. आधी एकदा फिरवून बघा.